साहेब चौकीवर आले तेव्हा

सोसायटीच्या जिन्यात रंगारी रॉकेलमध्ये ब्रश धूत होता आणि त्या वासाने मला थेट बर्फातल्या आमच्या चौकीत नेलं. तिथे रॉकेलची शेगडी दिवसभर धुमसायची, थुंकीसुद्धा काळी पडायची. एका दुपारी आमचे कमांडिंग ऑफिसर चार तास चढून स्वतः वर आले. ते पंजाबकडचे, पण आम्हा जवानांत राहून मराठी शिकलेले. हातमोजे काढून त्यांनी माझा हात धरला. "तुझी आई गेली रे. वायरलेसवर सांगायचं नव्हतं मला." रस्ता बंद होता, दहिसरला घरी पोचणं शक्यच नव्हतं. मला काहीच वाटलं नाही. "साहेब, चहा टाकू?" मी विचारलं. "टाक," ते म्हणाले. चहा झाल्यावर त्यांनी माझी रायफल घेतली, मला झोपायला सांगितलं आणि अंधार पडेपर्यंत माझ्या जागी पहाऱ्यावर उभे राहिले. मी त्यांच्या पाठीकडे बघत नुसता पडून होतो. गेल्या आठवड्यात पलटणीच्या ग्रुपवर साहेब गेल्याचा मेसेज आला, तेव्हा मी गोरेगावच्या एका टॉवरच्या गेटवर ड्युटीला होतो. मेसेज वाचला, समोरच्या गाडीसाठी दांडा वर केला आणि मग तो खाली करायचा राहूनच गेला.