पार्किंगमधलं पाकट

"अहो काका, पाऊल उचलू नका! घासत चला, घासत!"

मी असा ओरडलो की तिकडे कात्रजच्या बागेतला वाघही पाय घासत चालू लागला असेल. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसाचं चहाच्या रंगाचं पाणी गुडघाभर साचलं होतं, आणि नुकताच नवा गुडघा बसवून घेतलेले आमचे चेअरमनकाका छत्री घेऊन स्कूटर वाचवायला त्यात उतरले होते. पायरीवरून काकू कळवळत होत्या, "पडलात तर पुन्हा हॉस्पिटलचे डबे मी करायची नाही!"

"घासत कशाला?" काकांनी विचारलं.

"पाकट असलं तर?"

माझी सासुरवाडी कोकणातल्या खाडीकाठची. पाकट म्हणजे पोळपाटासारखा चपटा मासा, मागे चाबकासारखी शेपटी. कांदळवनाजवळच्या उथळ पाण्यात अंगावर वाळू ओढून पडून राहतं, नुसते डोळे बाहेर. वर पाऊल पडलं की शेपटीचा काटा असा बसतो की जावई पाहुणचार विसरतो. म्हणून तिकडे सगळे पाण्यात पाय घासत चालतात. चाहूल लागली की ते पंख हलवत निघून जातं. माझ्या पायाला एकदा लागलेलं आमच्या डबलबेडपेक्षा चार बोटं मोठं होतं. ते उठलं आणि खाडीचं पाणी मांडीवरून घोट्यावर आलं! सासरे साक्षीला होते. पण त्यांना बढाया मारायची सवय नाही.

"समुद्र कोकणात. आपली नदी पूर्वेला जाते," काका म्हणाले.

"मग पूर्वेचं असेल. ते जास्त चिडकं."

"अहो, घासा एकदाचे!" काकू कडाडल्या. "हे पाकटवाले गप्प तरी बसतील."

काका घासू लागले. स्कूटर दोन हातांवर आली आणि ते थबकले. अंगठ्यानं पुढे चाचपलं, पाय मागे घेतला, छत्री पाण्यात खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली. चेंबरचं झाकण सरकलं होतं. टाकलं असतं पाऊल उचलून, तर नव्या गुडघ्यामागोमाग जुने काकाही गेले असते.

स्कूटर तिथेच भिजत राहिली. काकूंनी डोळे पुसले आणि मला वर नेऊन पोह्यांची दुसरी बशीसुद्धा न विचारता वाढली. मी खोबरं चघळत छाती फुगवली. "बघा काका, माझं ऐकलंत म्हणून वाचलात की नाही?"

काका टॉवेलनं पाय पुसत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं,

"पाकट नव्हतं."