हिर्डोशीच्या गुहेत नेलेली पोरं

किस्से गोळा करायला कुणी गुहेत जात नाही. पण चार वर्षं गावच्या पोरांना अंधारात नेलं, की वटवाघळांच्या वासासारखे ते अंगाला चिकटून घरी येतात. कितीही धुवा, जात नाहीत.

बी.ए. होऊन मी पुण्याहून भोरला मास्तर म्हणून परतलो तो देश घडवायच्या घाईत. पोरांच्या मनातली भीती काढली की अर्धं काम झालं, असं मला ठाम वाटायचं. हिर्डोशीच्या वर डोंगरात एक खोल गुहा आहे. दर रविवारी पोरांना तिथं न्यायचं मी ठरवलं.

पहिल्या रविवारी पोरं आली तीन आणि बाप आले अकरा! प्रत्येकाच्या हातात कोयता. आत चला म्हटलं तर एकही हलेना. त्या तिघांतल्या दगडूचे वडील मारुतीआबा सगळ्यांच्या वतीनं म्हणाले, "तुमी जावा. आमी हितंच बसतो. आतनं काय बाहेर आलं, तर कुनीतरी नगं का?"

*

वाट चुकू नये म्हणून एकदा मी गावच्या विहिरीचा दोर मागून नेला. एक टोक गुहेच्या तोंडाशी करवंदीला बांधलं, दुसरं हातात धरून आम्ही आत शिरलो. बरंच आत गेल्यावर दोर हातातून सळसळत निघून गेला. मी दचकलो, कंदील खाली पडून फुटला.

कुणी रडलं नाही, कारण सगळ्यांत आधी मीच ओरडलो होतो. सोळा वर्षांच्या दगडूनं गाल थुंकीनं ओला केला आणि जिकडून गार लागलं तिकडं चालू लागला. मागं एकमेकांचे सदरे धरून पोरं. सगळ्यांत शेवटी बी.ए.

बाहेर दगडूची चुलती शांतपणे दोर गुंडाळत होती. मी चांगलाच भडकलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरं काय, घटकाभरानं आली असती. म्हसरं सकाळधरनं तहानेली हायेत."

*

पुढं चळवळीचे दिवस आले. गुहेत गुप्त सभा भरते असं कुणीतरी कळवलं, म्हणून एक हवालदार चौकशीला आला. मी नको म्हणत असताना एकटाच आत घुसला आणि डोक्यावर वटवाघळांची विष्ठा घेऊन बाहेर आला.

किती जण आहेत, असं दगडूनं अदबीनं विचारलं.

"पाच-सहाशे तरी असतील," हवालदार टोपी झटकत म्हणाला. "पण सगळे उलटे."

त्या वर्षी आम्ही एवढंच हसलो.

*

भातं निघाल्यावर किकवीला फौजेची भरती लागली. दगडू कुणाला न सांगता चालत गेला. तिथल्या साहेबानं विचारलं, कशाची भीती वाटते? हा म्हणाला, अंधाराची तर न्हाई. कुणी शिकवलं विचारल्यावर त्यानं माझं नाव सांगितलं.

हे त्यानंच मला येऊन सांगितलं, हसत हसत. मी खादी घालणारा, इंग्रजांच्या या लढाईला विरोध करणारा. त्याला अडवायला हवं होतं. मी मात्र आठवडाभर भोरमध्ये भेटेल त्याला हे सांगत सुटलो!

*

आघाडीवरून दगडूचं एकच पत्र आलं. इथं खड्ड्यात राहतो, बाकीच्यांना झोप येत नाही, मला येते, मास्तरांना सांगा. ते पत्र मारुतीआबांना मीच वाचून दाखवलं.

नंतर आलेली तारही मीच वाचली. बेपत्ता.

आबांनी त्याचा अर्थ विचारला. मी म्हणालो, सापडत नाही. ते म्हणाले, मग त्यो वाट काढील. आणि नांगर जुंपायला निघून गेले.

*

त्यानंतर दोन वर्षं मी कुणालाही गुहेत नेलं नाही. हिर्डोशीची वाटच टाळली. आबा कधीतरी मला जाब विचारतील, याची वाट मात्र पाहत होतो.

परवा सकाळी ते सोळा कोस चालल्यासारखे थकून भोरला माझ्या दारात आले. सोबत धाकटा मुलगा, दगडूसारखाच रुंद कपाळाचा. मी पाणी दिलं. ते त्यांनी आधी मुलाला पाजलं.

"ह्याला बी न्या," आबा म्हणाले.

त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढं केलं.

"पर मास्तर, ह्याला भ्यायला शिकवा."