अपुऱ्या ओळीतली पेटी
घरचा कापूस घेऊन सरकी काढायला जिनिंगमध्ये गेलेल्या माझ्या मित्राच्या उजव्या हाताची तीन बोटं मशीनमध्ये गेली आणि पुढच्या हिवाळ्यात त्यानं प्रोग्रॅमिंगची नोकरी सोडायचं ठरवलं. संत्रं सोललं की लोधीखेड्याला त्याच्या घरची ती सकाळ मला आठवते: अंगणात संत्री पेट्यांत भरणं चाललेलं, हवेत सालीचा कडवट वास, खाटेवर त्याचा लॅपटॉप. एकेक अक्षर टाइप करणं त्याला जड जाई. पुढचा शब्द सुचवणाऱ्या यादीवरच त्याचं काम चाले. पण प्रोग्रॅममधल्या, कोणत्याही प्रकारची माहिती ठेवता येते अशा जेनेरिक पेटीच्या नावापुढे टिंब दिलं की यादी कोरी येई. तो ज्या भाषेत प्रोग्रॅम लिही, तिच्या कंपायलरवर, म्हणजे लिहिलेलं वाचून यंत्राला समजेलसं करणाऱ्या प्रोग्रॅमवर, मी काम करत होतो. "आपल्या पेटीवर खडूनं लिहून असते, अंदर कोणता माल हाये ते," तो म्हणाला. "तुह्या कंपायलरले पेटी दिसते, माल नाई दिसत." शोधल्यावर कारण सापडलं: ओळ पूर्ण होईपर्यंत कंपायलर पेटीतल्या माहितीचा प्रकार ठरवतच नव्हता, आणि यादी तर अपुऱ्या ओळीतच लागते. पेटीत आधी काय ठेवलं त्यावरून प्रकार तिथेच ठरावा, असा बदल मी केला. "का करून राहिले रे सकायपासून?" त्याच्या आईनं विचारलं. "याचा राजीनामा थांबवून राहिलो, काकू." "बोटं गेली, डोकं तं हाये ना त्याचं," पेटीवर खडू ओढत त्या म्हणाल्या. त्यानं डाव्या हातानं टिंब दिलं. यादी आली. बदल कंपायलरच्या पुढच्या आवृत्तीत गेला. राजीनाम्याची मेल त्याच्या मसुद्यांत अजून आहे, पाठवलेली नाही.