पाठ फिरवून उभी राहिलेली

२०२३ साल, मी एकसष्ट वर्षांचा. शिक्षण चौथी, पण चाकणच्या कंपनीचं अख्खं स्टोअर मी सांभाळायचो. कॉम्प्युटरवर सगळेच माझा पासवर्ड टाकायचे. मग मोजणीत माल कमी भरला, नोंदी सगळ्या माझ्याच नावावर, आणि चोरीचा आळ माझ्या एकट्यावर आला.

नेटवर्क सांभाळणारी एक पोरगी आली. नाव मी विचारलंच नाही. तिनं प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड केला. मी एका बोटानं माझा टाकायला लागलो, तशी ती पाठ फिरवून उभी राहिली.

"अगं, तू तर ह्याची मालकीण. बघ की!"

"सगळ्या किल्ल्या माझ्याकडं आहेत काका, म्हणूनच बघायचं नाही."

एवढा मान मला साहेबांनीही दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरनं माझा पासवर्ड मागितला. मी म्हणालो, "न्हाई मिळायचा राव. तुमचं काम तुमच्या नावावर करा."