जड गोळी
नाशिक रोडला बॅटरीच्या दुकानात शिसं वितळल्याचा वास आला आणि चांदवडजवळचं आमचं अंगण आठवलं. मक्यात रानडुकरं शिरायची, म्हणून काका परवान्याच्या ठासणीच्या बंदुकीसाठी गोळ्या ओतत होते. "हलकी गोळी चरबीतच आडती, जड लागंल," म्हणत त्यांनी सगळ्यांत जड गोळी कुडाच्या भिंतीशी रचलेल्या ओल्या भुशाच्या पोत्यांवर झाडून पाहिली. धूर विरतोय तोच भिंतीमागच्या स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. पिठानं माखलेल्या तळव्यावर चपटं झालेलं शिसं होतं. "चूल फुंकायला वाकले व्हते भाऊजी, म्हणून हे परातीत पडलं," ती एवढंच म्हणाली. पोती त्या भिंतीशी मी रचली होती. काकांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही, आणि आईला मी अजूनही सांगितलेलं नाही.