साडूंनी हलका केलेला क्लच

जगातली कुठलीही वस्तू पुरी होऊन दुकानात येते, यावर माझ्या थोरल्या साडूंचा कधी विश्वासच बसला नाही. कारखानदार वस्तू अर्धी करतात, उरलेली अर्धी गिऱ्हाइकाने घरी करायची असते, आणि बहुतेक गिऱ्हाइकं आळशी असल्यामुळे जग असं अर्धवट चाललंय, हे त्यांचं ठाम मत. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची तीस वर्षं गेली. तिथे त्यांच्या हाताला मोठा मान होता, आणि खरं सांगायचं तर हात होताही तसाच. पण संध्याकाळी तोच हात डोंबिवलीच्या घरी यायचा, आणि मग घरातल्या वस्तूंची धडगत नसायची. नवी छत्री आली की तिची मूठ कापून तिथे सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसायची. छत्री धरायला झकास व्हायची, फक्त मिटायची नाही. शेजाऱ्यांना शिट्ट्या मोजता येऊ नयेत म्हणून त्यांनी कुकरची शिट्टी 'सौम्य' केली, ती इतकी सौम्य झाली की घरातल्यांनाही ऐकू येईना आणि महिनाभर त्या घरात करपलेलं वरण चालू होतं. माझ्या लग्नात त्यांनी आहेर केलेलं घड्याळही आधी उघडून 'बघितलेलं' होतं. ते रोज दहा मिनिटं पुढे जायचं. मी भीत भीत तसं सांगितलं, तर म्हणाले, "अहो, उशीर होण्यापेक्षा बरं ना?" मी गप्प बसलो. साडूंपुढे गप्प बसायची आमच्या सासुरवाडीची रीतच होती, आणि ती मी जरा जास्तच इमानाने पाळली.

त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का कल्याणच्या एका शाळेत शिक्षिका होत्या. फळ्यापुढे उभं राहून राहून त्यांचा डावा गुडघा दुखरा झाला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला, की गाडी घ्यायची आणि ती आपण स्वतः चालवायची. "जन्मभर कुठे जायचं म्हटलं की कोणी नेतंय का ते आधी बघायचं," त्या मला म्हणाल्या. "आता मनात आलं की किल्ली उचलायची आणि निघायचं. बास, एवढंच." त्यांनी रीतसर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, वीस-वीस वर्षांच्या पोरांबरोबर शिकल्या, आणि पहिल्या फटक्यात लायसन्स घेऊन आल्या. पेढे घेऊन ठाण्याला आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

नवी गाडी दारात आली, पण तिची पूजा काही झाली नाही. अपुऱ्या वस्तूची पूजा करत नसतात, असं साडूंनी जाहीर केलं आणि चार दिवस ते गाडीखाली गेले. क्लचची तार खाली ज्या दांडीला ओढते, ती दांडी त्यांनी तुकडा जोडून दोन बोटं लांब करून घेतली. दांडी लांब, म्हणजे जोर कमी, हे पहारीने दगड उलथणाऱ्यालाही कळतं, असं त्यांनी मला समजावलं. अक्कांच्या गुडघ्यासाठी चाललं होतं हे सगळं. बायकोवरचं प्रेम तोंडाने सांगणाऱ्यांतले ते नव्हेत, म्हणून त्यांनी ते वेल्डिंग करून घेतलं. पेडल खरोखरच लोण्यासारखं मऊ झालं. मग पूजा. चाकांखाली लिंबं ठेवली, साडू इंजिन चालू करून, पहिला गिअर टाकून, क्लच दाबून बसले, अक्का गाडीला ओवाळू लागल्या, आणि ओवाळणं पुरं व्हायच्या आत गाडी आपली आपणच पुढे सरकून लिंबांवर चढली. अक्का ताम्हण सांभाळत मागे झाल्या. सगळे हसले. "बघा," साडू खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "किती हलकी झालीये!"

दांडी लांब केली की जोर कमी लागतो हे खरंच, पण तेवढ्याच ओढीत ती फिरतेही कमी. पेडल पार पत्र्याला टेकलं तरी आतला क्लच पुरता सुटत नव्हता. हे साडूंच्या लक्षात आलं नाही, कारण ते कारखान्याच्या जुन्या टेम्पोवर शिकलेले. थांबायच्या आधीच गाडी न्यूट्रल करायची त्यांची सवय, आणि गिअरची कर्कर त्यांना रोजचीच. अक्का मात्र शिकवल्याप्रमाणे गिअरमध्ये क्लच दाबून थांबायच्या, आणि ब्रेकवरचा पाय जरा सैल झाला की गाडी पुढे निघायची. रिव्हर्स टाकताना तर असा कर्र आवाज यायचा की गॅलऱ्यांमधून माणसं डोकावायची.

"पाय पूर्ण दाब गं," साडू शेजारून म्हणायचे.

"दाबलाय हो."

"मग गाडी काय मनाने चालते?"

स्कूलच्या गाडीवर तर जमत होतं, असं एकदा अक्का म्हणाल्या. "अगं, त्या गाडीत मास्तरच्या पायाखाली पण क्लच असतो," साडू म्हणाले. "तोच दाबत असणार." हे ते चेष्टेत बोलले होते, पण अक्कांना ते खरं वाटलं.

मग एका सकाळी डोंबिवलीच्या बाजाराच्या तोंडाशी, माणसं आडवी जात होती म्हणून अक्का थांबल्या, आणि गाडी हळूहळू सरकत पेरूच्या हातगाडीवर गेली. लागलं कोणालाच नाही, पण पेरू रस्ताभर झाले. "ओ मावशी, जमत नाय तर कशाला चालवता?" पेरूवाला ओरडला. "कोणाचा जीव जाईल ना!" साडू उतरून पेरू गोळा करायला लागले आणि चारचौघांत म्हणाले, "पाय अर्धाच दाबते हो ती. किती वेळा सांगितलं!" मी मागच्या सीटवर होतो. दोन सीटांच्या मधून मला अक्कांचा पाय दिसत होता. पेडल पार खाली गेलेलं होतं. नंतर दाबलं असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि बोललो नाही. अक्कांनी इंजिन बंद केलं, किल्ली साडूंच्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या.

त्यानंतर दोन वर्षं त्या तिथेच बसल्या. वाईट म्हणजे त्या बाकीच्या गोष्टींतही मागे सरायला लागल्या. बँकेचा फॉर्म पुढे केला तर मला म्हणायच्या, "तू भर रे, मला नाही जमायचं." शेकडो मुलांना पाढे शिकवलेली बाई असं बोलतेय, हे ऐकवत नसे.

पुढे साडूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांना त्यांच्याच गाडीतून तपासणीला कल्याणला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मीही उशिरा, स्कूलमध्येच शिकलेला. पत्रीपुलाजवळ गाड्या तुंबल्या होत्या. मी क्लच दाबून थांबलो आणि आमची गाडी पुढच्या रिक्षाच्या अंगावर जायला लागली.

"पाय पूर्ण दाबा," काळ्या चष्म्याआडून साडू म्हणाले.

"पूर्णच दाबलाय. बुटाखाली पत्रा लागतोय."

"पूर्ण?"

"पूर्ण."

साडूंनी काळा चष्मा वर करून माझ्या बुटाकडे बघितलं.

आठवड्याने विठ्ठलवाडीच्या एका गॅरेजात गाडी वर चढवली. "अरे, ही दांडी कोणी लांब केली?" मेकॅनिक ओरडला. "कुठल्या येड्याचं काम हे?" साडू म्हणाले, "माझं." कंपनीची मूळ मापाची दांडी बसवली आणि आम्ही डोंबिवलीला आलो. अक्का मेथी निवडत होत्या. साडू समोर उभेच राहिले. "चूक तुझ्या पायाची नव्हती," ते म्हणाले. "मी केलेल्या दांडीची होती. तू पूर्णच दाबत होतीस." अक्कांचे हात थांबले. "दोन वर्षं," त्या एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच किल्ली मागितली. ठाकुर्लीकडच्या मोकळ्या रस्त्याला आम्ही तिघं गेलो. अक्कांनी सावकाश गाडी नेली, मध्येच थांबवली, गिअर तसाच ठेवून क्लच दाबला आणि ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी जागची हलली नाही. मूळ मापाच्या दांडीचा क्लच जड होता. थोड्या वेळाने अक्कांचा पाय थरथरायला लागला.

"सोड गं आता," साडू म्हणाले.

"थांबा. बघू दे मला."

शेवटी त्यांनी इंजिन बंद केलं आणि गुडघा दोन्ही हातांनी धरून पाय मागे घेतला. "येत होतं मला," त्या म्हणाल्या. "तेव्हा पायही धरत होता. आता नाही धरायचा." पेरूंच्या वेळी पेडल खाली गेलेलं दिसूनही मी बोललो नव्हतो, मला स्वतःची अतिशय लाज वाटली. गाडी मी परत आणली. साडू पुढे बसले नाहीत, अक्कांजवळ मागे बसले. वाटेत आरशात पाहिलं, तर ते खाली वाकून त्यांचा गुडघा चोळत होते, आणि अक्का खिडकीबाहेर बघत रडत होत्या.