रेंज बघायला येणारा

आचऱ्याच्या बाजारात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गावी राहूनच मुंबईच्या ऑफिसचं काम करायचं मी ठरवलं, तेव्हा राउटर घ्यायला त्याच्याकडे गेलो. चार अँटेनांचा महागडा राउटर मी बोटाने दाखवला. त्याने तो खाली काढलाच नाही.

"घरात माणसां किती?"

"मी एकटोच."

"मगे ह्यो कित्याक होयो?" त्याने एक जुना, दुरुस्त केलेला राउटर फडक्याने पुसून पुढे ठेवला. "एकट्या माणसाक ह्यो बस झालो. माझ्या घराकय असोच आसा."

दुसऱ्या दिवशी बसवायला तो स्वतः आला. मोबाइल पुढे धरून सगळ्या खोल्यांतून फिरला, बंद खोल्याही उघडायला लावल्या. मुंबईच्या ऑफिसचा कॉम्प्युटर माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर उघडला, तेव्हा माझ्यापेक्षा तोच जास्त खूश झाला.

पुढे दर गुरुवारी, दुकान बंद असलं की तो यायचा. "रेंज बघूक इलंय," एवढंच म्हणायचा. रेंज कधीच कमी नसायची. तरी तो तासभर घरात फिरायचा, आणि मीही काम सोडून त्याच्या मागून फिरायचो.

मध्यंतरी दोन गुरुवार तो आलाच नाही. तिसऱ्या गुरुवारी मी राउटरची वायर काढून ठेवली आणि त्याला फोन केला, "नेट गेला. जरा येवन बघशात?"

पंधरा मिनिटांत तो आला. लोंबणारी वायर त्याने पाहिली, माझ्याकडेही पाहिलं. मग पिशवी खाली ठेवून खुर्ची ओढली.

"बिघाड मोठो आसा," तो म्हणाला. "येळ लागतलो. चाय ठेवा."